१४ मायक्रॉनांचा बांध : ७७ गिगाहर्ट्झ रडार चिपच्या प्रकल्प नोंदी

१४ मार्च २०२३, पुणे

आज चौघांच्या बैठकीत कामाची व्याप्ती ठरली. वाहनाच्या पुढच्या बाजूला बसेल असे ७६ ते ७७ गिगाहर्ट्झचे रडार, त्यातला एक प्रेषक आणि दोन ग्राही एकाच सिलिकॉन चिपवर, आणि पल्ला माणसासाठी ५० मीटर. ७७ ते ८१ चा पट्टा चौपट रुंद असल्यामुळे मोह तोच होतो. परंतु आपल्याकडे २०१५ सालच्या नियमांनी कमी शक्तीच्या रडारला परवान्यातून सूट मिळाली ती ७६ ते ७७ या पट्ट्यात. उपकरण शेवटी रस्त्यावर तपासायचे आहे, म्हणून एका गिगाहर्ट्झवर समाधान मानले. एवढ्या रुंदीत अंतराची सूक्ष्मता १५ सेंटिमीटर मिळते आणि मोटारसायकल व तिच्यामागची भिंत वेगळी ओळखायला ती पुरते.

प्रक्रिया कोणती घ्यायची यावर बराच वेळ गेला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१७ मध्ये ४५ नॅनोमीटर सीमॉसमध्ये (अंकीय चिपांच्या नेहमीच्या प्रक्रियेत) रडार आणि अंकीय प्रक्रिया एकाच चिपवर आणून दाखवल्यापासून सिलिकॉन-जर्मेनियम (वेगवान बायपोलर ट्रान्झिस्टर देणारी प्रक्रिया) म्हणजे जुने, असे म्हणायची पद्धत पडली आहे. आमच्या चिपवर अंकीय भाग जवळजवळ नाहीच, त्यामुळे बारीक सीमॉसचा मुख्य फायदा आम्हाला मिळणार नाही. उलट बायपोलर ट्रान्झिस्टरचा फ्लिकर नॉइज (कमी वारंवारतेला वाढणारा नॉइज) कमी असतो आणि तो थोडे जास्त व्होल्टेजही सहन करतो. १३० नॅनोमीटर सिलिकॉन-जर्मेनियम, अनेकांच्या चिपा एकत्र घडतात त्या सामायिक वेफरवरची (सिलिकॉनच्या चकतीवरची) जागा, असा निर्णय झाला.

अँटेना चिपवर नको, यावर मात्र एकमत होते. कॅलटेकच्या गटाने २००६ मध्ये ७७ गिगाहर्ट्झचा चार घटकांचा ट्रान्सीव्हर अँटेनांसह एकाच चिपवर केला होता, परंतु त्यांना चिपच्या पाठीला सिलिकॉनचे भिंग लावावे लागले. सिलिकॉनचा पराविद्युत स्थिरांक ११.७ आहे. लहर हवेत जाण्याऐवजी खालच्या सिलिकॉनमध्येच ओढली जाते आणि भिंगाशिवाय ती बाहेर काढणे कठीण. आमच्या अँटेना बोर्डावर राहतील.

२ मे २०२३

शक्तीचा हिशेब मांडला. प्रेषकाकडून १० डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे १० मिलिवॅट), दोन्ही बाजूंना १४ डीबीआयच्या (लहर एका दिशेला एकवटण्याचे माप) सपाट पॅच अँटेना, आणि १० मीटरवर १० सेंटिमीटर कडेचा त्रिकोणी कोन-परावर्तक. ७७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३.९ मिलिमीटर असल्यामुळे एवढासा परावर्तक सुमारे २७ चौरस मीटर क्षेत्रफळाचा भासतो. परत येणारी शक्ती उणे ६९ डीबीएमच्या आसपास निघते. ग्राहीचा नॉइज फिगर, म्हणजे त्याने स्वतः घातलेली नॉइजची भर, १३ डेसिबल धरला, तर ५० मायक्रोसेकंदांच्या एका चर्पमध्ये (वारंवारता सरळ चढत जाणाऱ्या एका लहरीत) नॉइजची पातळी उणे ११८ डीबीएम येते. म्हणजे परावर्तक दिसणारच; त्याची चिंता नाही. चिंता ५० मीटरवरच्या माणसाची. त्याला उदारपणे एक चौरस मीटर दिले तरी एका चर्पमध्ये तो नॉइजच्या वर जेमतेम ७ डेसिबल डोके काढतो. १२८ चर्प एकत्र घेतल्यावर २१ डेसिबलची भर पडते आणि तिथे हिशेब बसतो.

चर्पची चढण २० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद ठरवली. ५० मीटरवरून येणारा प्रतिध्वनी एक-तृतीयांश मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला फरक काढणाऱ्या मिक्सरच्या बाहेर ६.६७ मेगाहर्ट्झ दिसतील आणि सेकंदाला दोन कोटी नमुने घेणारा साधा एडीसी (संकेताचे आकडे करणारा भाग) पुरेल. ७७ गिगाहर्ट्झच्या प्रकल्पातले सगळे पैसे अंकीय भागावर खर्च होत नाहीत, ते याच गुणामुळे.

२६ जून २०२३

चिपपासून बोर्डापर्यंत लहर न्यायची कशी, हा या महिन्याचा विषय. बाँडवायरचा, म्हणजे चिप आणि बोर्ड जोडणाऱ्या बारीक तारेचा, ढोबळ हिशेब मिलिमीटरला एक नॅनोहेन्री असा असतो. ०.३ मिलिमीटरची तार घेतली, तरी ७७ गिगाहर्ट्झला तिचा अडथळा १४५ ओहम होतो, आणि आपण ५० ओहमच्या मार्गाबद्दल बोलत आहोत. पॅडचे (तार जोडायच्या धातूच्या चौकोनाचे) २५ फेम्टोफॅरॅड धरले तर जमिनीकडे जाणारी ८३ ओहमची वाट आणखी वेगळी. या दोन्ही गोष्टी नाहीशा करता येत नाहीत. त्यांना मोजून, दोन्ही टोकांना ठरावीक कपॅसिटन्स देऊन, त्यांचाच एक लो-पास फिल्टर करावा लागतो, म्हणजे तार अडथळा न राहता जुळणीचा भाग होते. बोर्डात खाच करून चिप तीत बसवली, तर चिपचा पृष्ठभाग बोर्डाच्या पातळीला येतो आणि तार आखूड राहते. तसेच करायचे ठरले.

तांब्यात या वारंवारतेला विद्युतप्रवाह जेमतेम पाव मायक्रॉन खोल उतरतो. वरचा धातूचा थर जाड मिळतो याचे कौतुक करताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

९ ऑगस्ट २०२३

ऑसिलेटरची मांडणी पूर्ण झाली. मूळ ऑसिलेटर ३८.२५ गिगाहर्ट्झच्या भोवती चालेल आणि त्याची दुप्पट करून ७६.५ मिळवली जाईल, कारण निम्म्या वारंवारतेला व्हॅरॅक्टरची (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणाऱ्या घटकाची) गुणवत्ता बरी राहते आणि वारंवारता भागून खाली आणणारे भागक सर्किटही सोपे होते. दुप्पट करताना फेज नॉइज (ऑसिलेटरच्या लहरीतली बारीक थरथर) ६ डेसिबलने वाढतो, तो गृहीतच आहे. इंडक्टर ९० पिकोहेन्रीचा, त्याच्याशी जुळणारे एकूण कपॅसिटन्स १९२ फेम्टोफॅरॅड. सिम्युलेशनमध्ये पट्टा ३७.३ ते ३९.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे दुपटीनंतर ७४.६ ते ७८.४. दोन्ही बाजूंना एक गिगाहर्ट्झहून अधिक मोकळीक ठेवली आहे.

कामाची वाटणी अशी आहे की इंडक्टर आणि लांब मार्ग मी विद्युतचुंबकीय सिम्युलेटरमध्ये सोडवतो, तर ट्रान्झिस्टर, व्हॅरॅक्टर आणि त्यांच्या भोवतीच्या जोडण्यांचे पॅरासिटिक (न मागता येणारे रोध आणि कपॅसिटन्स) मांडणीतून काढण्याचे काम सहकारी पाहते. आज संध्याकाळी दोघांच्या फाइली जोडून शेवटचे सिम्युलेशन केले. आकडे अपेक्षेप्रमाणे आले.

१८ सप्टेंबर २०२३

टेपआउट, म्हणजे चिपचा आराखडा कारखान्याकडे रवाना. नियमतपासणीतील शेवटच्या ४१ चुकांपैकी ३८ धातूच्या घनतेच्या होत्या. इंडक्टरच्या पोटात मेटल फिल (घनता भरून काढणारे धातूचे तुकडे) घालण्याचा सॉफ्टवेअरचा आग्रह मोडून काढण्यात दुपार गेली. फाइल रात्री ११ वाजून १० मिनिटांनी चढली. उद्या गणपती बसतात. चार दिवस कोणीही प्रयोगशाळेत फिरकणार नाही.

५ फेब्रुवारी २०२४

चिपा आल्या. काळ्या डबीत, चिकट पापुद्र्यावर, ४० नग. एकेक चिप दीड मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरची, तांदळाच्या कणीएवढी.

प्रोब टेकवण्याचे काम मी स्वतः केले. सूक्ष्मदर्शकातून पाहताना प्रोबची तीन टोके १०० मायक्रॉन अंतराने उभी दिसतात. ती पॅडला टेकल्यावर स्क्रू अजून थोडा खाली घ्यायचा असतो, म्हणजे टोके पुढे सरकतात आणि अल्युमिनियमवर बारीक ओरखडा उमटतो. तो ओरखडा उमटला नाही, तर स्पर्श झाला नाही असे समजावे. आणि पॅडच्या पलीकडे गेला, तर चिप गेली. पहिल्या चिपवर माझा ओरखडा पलीकडे गेला. खालून मालट्रक गेला की सूक्ष्मदर्शकातले चित्र थरथरते, म्हणून यापुढे मोजमाप सकाळी सातपूर्वी करायचे ठरवले आहे.

दुसरी चिप व्यवस्थित लागली. विद्युतप्रवाह सिम्युलेशनच्या तीन टक्क्यांत, भागक चालू, आणि त्याच्या आउटपुटवर स्वच्छ रेघ. इथवर सगळे छान होते.

८ फेब्रुवारी २०२४

छान नाही. भागक १६ ने भागतो, तेव्हा त्याच्या बाहेर २.३३ ते २.४५ गिगाहर्ट्झ दिसायला हवेत. प्रत्यक्षात २.२३ ते २.३४ दिसतात. भागकच चुकत असेल ही आशा दुपारपर्यंत बाळगली. मग हार्मोनिक मिक्सर (उंच वारंवारता खाली आणून दाखवणारा) लावून प्रेषकाच्या पॅडवर थेट पाहिले : ७१.३ ते ७४.९. म्हणजे ऑसिलेटर ३५.६४ ते ३७.४६ गिगाहर्ट्झमध्ये चालतो आहे, नियोजनापेक्षा साडेचार टक्के खाली. ७६ गिगाहर्ट्झपर्यंत तो पोहोचतच नाही. पाच चिपा तपासल्या. पाचही एकमेकींच्या ०.३ टक्क्यांत आहेत. अपघात असता तर विखुरलेला दिसला असता. ही चूक आमचीच आहे, आणि ती सगळ्या चिपांत सारखीच उतरली आहे.

१३ फेब्रुवारी २०२४

संशयितांची यादी मोठी झाली. व्हॅरॅक्टरचे मॉडेल, मेटल फिल, तापमान, पुरवठ्याचे व्होल्टेज. पुरवठा पाच टक्के हलवला तरी वारंवारता तीस-चाळीस मेगाहर्ट्झच हलते, तापमानाचेही तसेच. आम्हाला साडेचार टक्के हवे आहेत. वारंवारता साडेचार टक्क्यांनी घसरते, तेव्हा इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार साडेनऊ टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणजे कुठेतरी १८ फेम्टोफॅरॅड जास्तीचे आहेत, नाहीतर साडेआठ पिकोहेन्री.

यापैकी कोणते, हे चिप न कापता कळण्याचा मार्ग काल रात्री सुचला. जास्तीचे कपॅसिटन्स स्थिर असेल, तर व्हॅरॅक्टरच्या वाट्याला एकूण कपॅसिटन्सचा लहान हिस्सा येतो आणि पट्टा आकसतो. जास्तीचा इंडक्टन्स असेल, तर सगळा पट्टा जसाच्या तसा खाली सरकतो. वरच्या टोकाला खालच्या टोकाने भागले तर गुणोत्तर बदलत नाही. सिम्युलेशनमधील गुणोत्तर १.०५१. मोजलेले गुणोत्तर १.०५१. कपॅसिटन्स दोषी असते, तर ते १.०४६ किंवा १.०४७ आले असते, म्हणजे वरच्या टोकाला १६० मेगाहर्ट्झचा फरक, आणि तेवढा फरक आमची उपकरणे डोळे झाकून दाखवतात.

तेव्हा व्हॅरॅक्टर निर्दोष, मेटल फिलही निर्दोष. शोध इंडक्टन्सचा.

२० फेब्रुवारी २०२४

सापडले.

माझ्या विद्युतचुंबकीय सिम्युलेशनची सीमा इंडक्टरच्या पायांपाशी संपते. सहकारीच्या पॅरासिटिक-काढणीची सीमा व्हॅरॅक्टरच्या वरच्या धातूपासून सुरू होते. या दोन सीमांमध्ये, प्रत्येक बाजूला सात मायक्रॉन याप्रमाणे, चौदा मायक्रॉनांचा अरुंद धातू आणि खाली उतरणारा व्हायांचा (धातूचे थर जोडणाऱ्या उभ्या जोडण्यांचा) मनोरा आहे. तो माझ्या फाइलीत नाही. तिच्या फाइलीत तो आहे, परंतु तिथले साधन फक्त रोध आणि कपॅसिटन्स काढते. इंडक्टन्सची त्यात सोयच नाही. कमी वारंवारतेवर तशी गरजही पडत नाही. दोन शेतांमधल्या बांधासारखी गत झाली : बांध आहे, त्यावरून रोज जाणे-येणे आहे, पण तो कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

तो तुकडा आज वेगळा काढून सिम्युलेटरमध्ये सोडवला. उत्तर ८ पिकोहेन्री. उरलेला अर्धा पिकोहेन्री कुठला, हे विचारण्याचे त्राण आज नाही. कागदावर मायक्रॉनला ०.६ पिकोहेन्री हा आकडा आम्हा दोघांनाही तोंडपाठ आहे, आणि चौदा गुणिले ०.६ करायला यंत्र लागत नाही. ९ ऑगस्टची नोंद पुन्हा वाचली. ‘आकडे अपेक्षेप्रमाणे आले’ असे तिथे लिहिले आहे. ते येणारच होते. जे मोजलेच नाही ते अपेक्षेच्या विरुद्ध कसे जाणार?

१९ मार्च २०२४

ऑसिलेटर चुकला म्हणून बाकीची चिप वाया गेलेली नाही. प्रेषकाची शक्ती ७४ गिगाहर्ट्झला १०.५ डीबीएम मिळाली, सिम्युलेशनमध्ये १२ होती. ग्राहीचा नॉइज फिगर १२.५ डेसिबल, म्हणजे हिशेबातल्या १३ च्या आत. ७३ ते ७४ गिगाहर्ट्झमध्ये चर्प फिरवून पूर्ण साखळी तपासली. हे मोजमाप आवरणबंद कक्षातच केले, कारण ७६ च्या खालच्या पट्ट्यात हवेत प्रक्षेपण करण्याची आम्हाला मुभा नाही. कक्ष पावणेतीन मीटरचा. परावर्तक दिसला, परंतु शून्य अंतरापाशी प्रेषकाची गळती एवढी मोठी आहे की पहिल्या अर्ध्या मीटरमधले काहीही ओळखता येत नाही. त्यातला दिलासा एवढाच, की गळतीचा आणि मिक्सरला मिळणारा ऑसिलेटर एकच आहे आणि दोन्ही वाटांतला उशीर अत्यल्प आहे. त्यामुळे दोघांचा फेज नॉइज वजाबाकीत बहुतांशी उडून जातो. तसे नसते तर ५० मीटरवरच्या माणसाला विसरावे लागले असते.

पॅच अँटेनांचा बोर्ड ठीक. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

२७ मे २०२४

दुसरे टेपआउट. इंडक्टरचा व्यास सुमारे पाच मायक्रॉनांनी कमी केला. अधिक महत्त्वाचे म्हणजे सीमेची पद्धत बदलली : आता विद्युतचुंबकीय सिम्युलेशन थेट ट्रान्झिस्टरच्या पहिल्या धातूपर्यंत जाते, आणि तिथपर्यंतचा भाग पॅरासिटिक-काढणीतून वगळला जातो, म्हणजे तो दोनदाही मोजला जात नाही. एका सिम्युलेशनला पूर्वी ४० मिनिटे लागत, आता ११ तास लागतात. सहकारीने मांडणीत त्या तुकड्याचा वेगळा सेल केला आणि त्याचे नाव ‘बांध’ ठेवले. परीक्षणाला आलेल्या सरांनी विचारले, “हा बांध कोण?” तिने सातबाऱ्याची हकिकत सांगितली. सर हसले नाहीत. त्यांनी पॉवर ॲम्प्लिफायर आणि पॅड यांच्यामधली तशीच जागा दाखवून विचारले, “मग हा कोणाच्या नावावर?” प्रेषकाची दीड डेसिबल बहुधा तिथे गेली होती. दुसरा ‘बांध’ही सेल झाला.

२१ ऑक्टोबर २०२४

दुसरी खेप आली. ३७.२ ते ३९.१ गिगाहर्ट्झ, दुपटीनंतर ७४.४ ते ७८.२. नियोजनापासून ०.३ टक्के दूर. प्रेषकाची शक्ती ७६.५ गिगाहर्ट्झला ११.६ डीबीएम.

दिवाळीपूर्वी दोन चिपा खाचेत बसवून बाँडवायर मारायच्या आहेत.

१४ नोव्हेंबर २०२४

बोर्डावरचे रडार चालू झाले आणि पहिल्याच आलेखात ३.७५ मीटरवर कोणीतरी उभे आहे. प्रयोगशाळेत त्या अंतरावर फक्त मोकळी फरशी आहे. बोर्ड भिंतीकडे वळवला, छताकडे वळवला, अँटेनेवर लहरी शोषणारा फोम दाबून धरला. आकृती हलत नाही. खरी वस्तू असती, तर फोम लावल्यावर नाहीशी झाली असती.

इथेही फेब्रुवारीतली युक्ती कामी आली, गुणोत्तराची. खऱ्या वस्तूच्या प्रतिध्वनीची वारंवारता चर्पच्या चढणीबरोबर बदलते, अंतर तेच राहते. चढण दुप्पट केली. समोरची लोखंडी कपाटाची कडा आलेखात ५.१ मीटरवरच राहिली, आणि ते भूत ३.७५ वरून १.८७ मीटरवर आले. म्हणजे त्याची वारंवारता ठाम ५०० किलोहर्ट्झ आहे आणि तिचा लहरींशी काही संबंध नाही. बोर्डावर ५०० किलोहर्ट्झला स्विच होणारी एकच वस्तू आहे : पुरवठ्याचा कन्व्हर्टर, जो मी जागा वाचवण्यासाठी ऑसिलेटरच्या व्होल्टेज-रेग्युलेटरच्या अगदी शेजारी बसवला होता. तो काढून प्रयोगशाळेच्या पुरवठ्यावर बोर्ड चालवला, भूत गेले. नव्या बोर्डात कन्व्हर्टर पलीकडच्या कोपऱ्यात जाईल आणि मध्ये फेराइट बीड येईल.

१९ डिसेंबर २०२४

नवा बोर्ड घेऊन इमारतीमागच्या वाहनतळावर पहिली बाहेरची चाचणी, सकाळी साडेसहा वाजता, वाहने येण्याआधी. परावर्तक पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतला आहे. तीन पत्र्यांमधला कोन काटकोनापासून अंश-दीड अंश ढळला, तरी परावर्तन एका दिशेला न जाता विखुरते, हे त्याला समजावताना त्याने गुण्या पुढे केला आणि “यानेच करतो” म्हणाला. त्याने केलेही तसेच.

फीत लावून १० मीटर मोजले. आलेखात शिखर १०.२ मीटरवर आले. वीस सेंटिमीटर कुठून आले हे पाहताना लक्षात आले, की फीत बोर्डाच्या कडेपासून धरली होती, तर लहरीचा प्रवास चिपमधून सुरू होतो आणि बोर्डावरच्या मार्गात ती हवेपेक्षा सावकाश चालते. उरलेला उशीर ग्राहीच्या फिल्टरचा. हे अंतर कायमचे आहे, म्हणून मोजून सॉफ्टवेअरमध्ये वजा केले. शिखर नॉइजच्या वर ४८ डेसिबल आले. मे २०२३ च्या हिशेबात ४९ होते.

त्यानंतर रखवालदारकाकांना ५० मीटरवरून चालत यायची विनंती केली. ते निघाले, आणि वेग-अंतराच्या आलेखात त्यांचा ठिपका ४६ मीटरपासून स्थिर दिसू लागला, सेकंदाला सव्वा मीटर. वेगाची आमची पायरी पाव मीटरची आहे, तरी ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना पुसट शेपटे फुटत होते, एकदा पुढे, एकदा मागे : हात आणि पाय. वीस मीटरवर ते थांबले आणि त्यांनी विचारले, “साहेब, यात मी दिसतो का?” लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “मग मागचं कुत्रं पण दिसत असंल.”

आलेख पुन्हा पाहिला. त्यांच्या ठिपक्यामागे तीन मीटरवर आणखी एक ठिपका होता, नॉइजच्या वर जेमतेम ९ डेसिबल, आणि आमच्या ओळख-मर्यादेच्या खाली. मर्यादा १२ डेसिबलवर ठेवली आहे; उद्या ती पार्श्वभूमीनुसार बदलती करून तीच नोंद पुन्हा चालवायची.